पंडितेचें शिष्यत्व

गेल्या वर्षीं पावसाळ्याच्या सुमारास पवित्र शास्त्राच्या तासाला नववीच्या एका विद्यार्थ्यानें आम्हांस एक प्रश्न विचारला. विद्यार्थी हुशार, शास्त्राच्या परीक्षेंत त्याचा पहिला नंबर आलेला, आणि मंडळींत त्याचें दृढीकरणही नुकतेंच झालेलें. तो म्हणाला, "गुरुजी, बाप्तिस्मा झाला, दृढीकरण झालें, परीक्षेंत बक्षीसही मिळालें. आतां ख्रिस्ती म्हणून वाढावयाचें राहिलें तें काय?" प्रश्नांत उद्धटपणा मुळींच नव्हता. शिडीच्या पायऱ्या संपल्या आणि माडी तर दिसत नाहीं, असें त्याला खरोखरच वाटत होतें. तास संपत आला होता. आम्हीं घाईघाईनें दोन चार वाक्यें सांगितलीं आणि घंटा झाली. तीं वाक्यें कोणतीं होतीं हें आज आम्हांसही आठवत नाहीं, यावरून त्यांची किंमत ठरते. वार्षिकासाठीं लेख मागण्यांत आला तेव्हां तो प्रश्न पुन्हा डोळ्यांपुढें उभा राहिला. त्याचें थोडें सावकाश उत्तर द्यावें, म्हणून हा लेख.

अशा विषयावर लिहूं लागलें कीं आम्हां शिक्षकांच्या लेखणीवर पहिला दृष्टांत येतो तो फळांनीं लवलेल्या झाडाचा. तो इतक्या वेळां सांगून झाला आहे कीं त्याचा आरंभ होतांच मुलें खिडकीबाहेर पाहूं लागतात. शिवाय तो निम्माच खरा आहे. आंब्याची फांदी लवते ती भारानें लवते. तिला त्यांत कांहीं सोडावें लागत नाहीं, कीं कोणाची क्षमा मागावी लागत नाहीं. मनुष्य मात्र जसजसा विद्येनें व मानानें भरत जातो तसतसा पुष्कळदां ताठ होत जातो. म्हणून झाडाला येथेंच सोडून आपण माणसांकडे वळूं.

इसवी सन ५५ च्या सुमारास पौलानें करिंथ येथील मंडळीला पत्र लिहिलें. करिंथ हें दोन बंदरांच्या मधलें व्यापारी शहर. पैसा, वक्तृत्व आणि शर्यती यांचें माहेरघर. तेथील ख्रिस्ती लोक बोलण्यांत किंवा ज्ञानांत उणे नव्हते, आणि हें पौल पत्राच्या आरंभींच मोकळ्या मनानें कबूल करतो. असें असून तिसऱ्या अध्यायांत त्याच लोकांस तो बालकें म्हणतो. तुम्हांला अजून दूधच पाजावें लागतें, जड अन्न सोसत नाहीं, असें त्यांना ऐकवितो. कारण काय? त्यांनीं शास्त्र कमी वाचलें होतें म्हणून नव्हे. त्यांच्यांत हेवा होता, तंटे होते. एक म्हणे मी पौलाचा, दुसरा म्हणे मी अपुल्लोसाचा. म्हणजे पौलाच्या लेखीं बाळपणाची खूण अज्ञान ही नसून 'आमची बाजू वरचढ' हा अभिमान ही आहे. ज्याला पुष्कळ वचनें पाठ आहेत आणि दुसऱ्याला अधिक टाळ्या मिळाल्या कीं ज्याचें जेवण गोड लागत नाहीं, तो या हिशेबानें पाळण्यांतच आहे. आमच्या शाळेंतील चार गटांचे सामने आणि त्यानंतरचे आठ दिवस यांचा या अध्यायाशीं काय संबंध आहे, तें वाचकांनीं आपलें आपणच ताडून पाहावें.

तर मग वाढीचें माप नम्रतेवर येऊन ठेपतें. आणि येथें या शब्दाविषयीं थोडी सावधगिरी ठेवली पाहिजे. नव्या करारांत नम्रतेसाठीं जो ग्रीक शब्द योजला आहे त्याचें मूळ 'तपैनॉस' म्हणजे सखल, खालचा. ग्रीक लोक तो बहुधा हलक्या, दास्यवृत्तीच्या माणसाला लावीत. सद्गुण म्हणून तो कोणी मिरवीत नसे. हिब्रूंत 'अनाव' हा शब्द आहे. गणना या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायांत तो मोशेला लावला आहे, आणि त्या बाबतींत पृथ्वीवर त्याच्या तोडीचा कोणी नव्हता असें तेथें सांगितलें आहे. हाच मोशे फारोच्या सिंहासनापुढें ताठ मानेनें बोलला होता. या अध्यायांत त्याचींच भावंडें, मिर्याम व अहरोन, त्याच्याविरुद्ध बोलतात. तो स्वतःच्या बचावासाठीं तोंडांतून एक अक्षर काढीत नाहीं. परंतु मिर्यामेच्या अंगावर कोड उठल्याबरोबर तिच्यासाठीं मात्र देवाचा धावा करतो. स्वतःपुरता मुका आणि दुसऱ्यासाठीं बोलका, असा हा पुरुष आहे.

आपल्या मराठींत लाचारी आणि नम्रता असे दोन निराळे शब्द आहेत हें भाषेचें भाग्यच म्हटलें पाहिजे. परंतु व्यवहारांत आपण एकीला दुसरीचें नांव देतों. मुख्याध्यापकांपुढें हात जोडून उभा राहणारा आणि शिपाईदादांना 'ए' म्हणून हांक मारणारा मुलगा नम्र नव्हे. त्याला माणसांचे दर्जे ओळखतां येतात, इतकेंच.

योहानाच्या तेराव्या अध्यायांत प्रभूनें शिष्यांचे पाय धुतले ती हकीगत आहे. ती सर्वांना ठाऊक आहे; परंतु तींतील एका गोष्टीकडे बहुधा कोणाचें लक्ष जात नाहीं. पित्यानें सर्व कांहीं आपल्या हातीं दिलें आहे, आपण देवापासून आलों व देवाकडे जात आहों, हें जाणून तो उठला, असें योहान प्रथम सांगतो, आणि मग रुमाल कमरेला बांधल्याचें सांगतो. आपण कोण हें विसरून तो खालीं बसला नाहीं. पुरतें ओळखून बसला. ज्याला आपल्या जागेविषयीं धास्ती असते त्याला खालीं वांकण्याची भीति वाटते, न जाणों कोणी तेथेंच बसवून ठेवील. आणि पेत्राची अडचण तर याच्या उलट. त्याला पाय धुणें जड नव्हतें, धुऊन घेणें जड होतें. देणाऱ्यापेक्षां घेणाऱ्याला अधिक लहान व्हावें लागतें, हें परक्यांच्या देणगीवर शिकणाऱ्या वसतिगृहांतील मुलांस आम्हीं सांगावयास नको.

आतां उदाहरण. तें दूरचें नाहीं. पुण्याहून दौंडच्या बाजूस आगगाडीनें जातांना केडगांव हें स्टेशन लागतें, तेथलें आहे.

पंडिता रमाबाई १८५८ सालीं जन्मल्या. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकनिंदेची पर्वा न करतां पत्नीला संस्कृत शिकविलें, आणि पुढें त्या माउलीनें तें मुलीला शिकविलें. हें कुटुंब तीर्थोतीर्थीं पुराणें सांगत फिरे. दुष्काळानें आईवडील व थोरली बहीण हिरावून नेलीं. रमाबाई आणि त्यांचे बंधु श्रीनिवास हीं दोघें कोसचे कोस पायीं चालत १८७८ सालीं कलकत्त्यास पोहोंचलीं. तेथील विद्वानांनीं परीक्षा पाहून वीस वर्षांच्या या मुलीला 'पंडिता' आणि 'सरस्वती' अशा पदव्या दिल्या. १८८० त बंधु वारले. त्याच वर्षीं बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलांशीं विवाह झाला. १८८१ त कन्या मनोरमा झाली, आणि १८८२ त वैधव्य आलें. पुण्यास येऊन त्यांनीं आर्य महिला समाज स्थापिला. १८८३ त त्या विलायतेस गेल्या, आणि त्याच वर्षीं २९ सप्टेंबरला वाँटेज या गांवीं त्यांचा व मनोरमेचा बाप्तिस्मा झाला.

येथपर्यंतचें चरित्र पुष्कळांस माहीत असतें. बाप्तिस्म्याशीं गोष्ट संपली असें समजून वाचक पुस्तक मिटतो. आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें उत्तर मात्र यापुढच्या पानांत आहे.

वाँटेज येथील भगिनीमंडळांतील सिस्टर जेराल्डीन या रमाबाईंच्या धर्ममाता झाल्या. दोघींची पत्रें १९७७ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालीं आहेत, आणि तीं वाचण्यासारखीं आहेत. कारण त्यांत दोन चांगलीं माणसें एकमेकींना समजून घेण्यासाठीं धडपडतांना आणि न समजतांना दिसतात. रमाबाईंनीं शाकाहार सोडला नाहीं. क्रुसावर लॅटिन अक्षरेंच कां असावीं, संस्कृत कां नसावीं, लॅटिन काय अधिक पवित्र आहे, असें त्यांनीं विचारलें. त्रैक्याच्या सिद्धांताला बुद्धीची साक्ष पटल्यावांचून त्या 'होय' म्हणेनात. हें सर्व सिस्टर जेराल्डीन यांना गर्वाचें लक्षण वाटलें. आमचें मत विचाराल तर या वादांत बहुतेक ठिकाणीं आम्ही रमाबाईंच्या बाजूचे आहों. जिनें पुराणिकांचें वचन केवळ तें पुराणिकांचें म्हणून मानलें नाहीं, तिनें पाद्र्यांचें तरी डोळे मिटून कां मानावें? प्रश्न विचारणाऱ्या मुलाला गर्विष्ठ ठरविण्याची जी घाई आम्हां वडील माणसांस होते, तिच्यावर हीं पत्रें चांगला उतारा आहेत.

परंतु पुढची गोष्ट अशी कीं, वादांत सहसा हार न जाणाऱ्या या बाईंनीं स्वतःविषयीं एक कबुली लिहून ठेविली आहे, आणि ती सिस्टर जेराल्डीन यांच्या कोणत्याही आरोपाहून कडक आहे. त्यांची आध्यात्मिक साक्ष १९०७ सालीं प्रसिद्ध झाली. तींत त्या सांगतात कीं आपणांस ख्रिस्ती धर्म सांपडला होता, तो पसंतही होता, परंतु त्या धर्माचा प्राण जो ख्रिस्त तो सांपडला नव्हता. आणि हें ध्यानांत यावयास बाप्तिस्म्यानंतर सुमारें आठ वर्षें लागलीं. या आठ वर्षांत त्या रिकाम्या बसल्या होत्या काय? १८८६ त त्या अमेरिकेस गेल्या. १८८७ त उच्चवर्णीय हिंदु स्त्रीच्या स्थितीवर त्यांनीं इंग्रजी पुस्तक लिहिलें. त्याच वर्षीं बॉस्टन येथें त्यांच्या साह्यासाठीं मंडळ निघालें. १८८९ त मुंबईस शारदा सदन उघडलें, आणि पुढल्या वर्षीं तें पुण्यास आलें. जगाच्या दृष्टीनें हीं वर्षें यशाचीं, आणि त्याच वर्षांविषयीं त्या म्हणतात कीं मुख्य वस्तूच हातीं नव्हती.

याच सुमारास हॅस्लॅम नांवाच्या इंग्रज धर्मोपदेशकाचें आत्मवृत्त त्यांच्या वाचनांत आलें. हे गृहस्थ कैक वर्षें उपदेशकाचें काम करीत होते, आणि मग एके दिवशीं त्यांना उमगलें कीं आपण दुसऱ्यांस सांगतों तें आपल्याच अंतःकरणांत घडलेलें नाहीं. रमाबाईंच्या मनाला तें लागलें.

त्यांच्यांत नेमका काय पालट झाला? आम्हांस जें वाटतें तें आम्ही सांगतों. कलकत्त्यास पंडितांनीं ज्यांची परीक्षा घेतली होती त्या रमाबाई पुढें एकेका धर्माची परीक्षा घेत होत्या. हिंदु शास्त्रें तपासलीं, ब्राह्मसमाज पाहिला, ख्रिस्ती धर्म पारखला आणि तो उत्तीर्ण ठरविला. यांत खोटें कांहीं नाहीं. पारख ही करावीच लागते. परंतु परीक्षक सदैव मेजाच्या वरच्या बाजूला बसतो, आणि प्रश्नपत्रिका नेहमीं दुसऱ्याच्या हातांत असते. आठ वर्षांनंतर रमाबाई त्या खुर्चीवरून उठल्या. आपण धर्म निवडला हा विचार मागें पडला आणि आपणांस कोणी तरी शोधीत होता हा विचार पुढें आला. बुद्धि त्यांनीं टाकून दिली नाहीं. पुढें ती कोठें लागली हें लेखाच्या शेवटीं दिसेल.

१८९३ सालीं पुण्यांत मोठें वादळ उठलें. सदनांतील मुली रमाबाईंच्या खासगी प्रार्थनेस जाऊन बसतात यावरून ओरड झाली. रानडे, भांडारकर यांच्यासारख्या सन्मान्य पुरुषांनीं सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले, आणि कित्येक पालकांनीं मुली परत नेल्या. त्या पालकांची काळजी आम्ही खोटी म्हणणार नाहीं; आज कोणा ख्रिस्ती मुलीविषयीं उलट प्रकार झाला तर आपणही स्वस्थ बसणार नाहीं. येथें सांगावयाचें तें इतकेंच कीं रमाबाईंनीं प्रार्थनेचें दार बंद केलें नाहीं, आणि सदनही बंद केलें नाहीं.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. स्वतः दुष्काळांत पोळलेल्या रमाबाई मध्य प्रांतांत गेल्या आणि उपाशी, टाकलेल्या मुलींना घेऊन आल्या. १९०० च्या दुष्काळांत गुजराथेंतूनही मुली आल्या. शारदा सदन मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठीं निघालें होतें. केडगांवच्या माळावर जें 'मुक्ति' उभें राहिलें त्यांत जातीचा प्रश्न उरला नाहीं. संकटांत फसलेल्या स्त्रियांसाठीं कृपा सदन निघालें. आंधळ्यांसाठीं सोय झाली, आणि त्यांना उठावाचीं अक्षरें शिकविण्याचें काम मनोरमाबाईंनीं उचललें. ज्यांच्या व्याख्यानाला कलकत्त्याचे व पुण्याचे विद्वान् जमत, त्या आतां विहिरी, गाईम्हशी, धान्याचीं पोतीं आणि खरजेचीं औषधें यांच्या हिशेबांत बुडून गेल्या. श्रोतृवर्ग बदलला होता. पूर्वीं त्यांचें संस्कृत समजणारे लोक समोर असत; आतां समोर होत्या त्या मुलींना घांस किती खावा हेंही शिकवावें लागे.

हें वाचून आमच्या वाचकांस वाटेल कीं असें मोठें काम हातीं आलें तर नम्रता आपोआप येईल. म्हणून एक लहान गोष्ट सांगतों. तींत आमचीच फजिती आहे. पुष्कळ वर्षांपूर्वीं आम्ही दुसऱ्या एका गांवीं वर्गशिक्षक असतांना सहलीच्या वर्गणीचें पाकीट नाहींसें झालें. संशय एका मुलावर गेला. घरचा गरीब, मागें एकदां खोटें बोलतांना सांपडलेला. आम्हीं त्याला साऱ्या वर्गापुढें उभें करून नको नको तें बोललों. चौथ्या दिवशीं तें पाकीट आमच्याच घरीं, तपासावयास आणलेल्या वह्यांच्या गठ्ठ्यांत सांपडलें. आम्हीं त्या मुलाला मधल्या सुटींत व्हरांड्यांत बाजूला बोलावलें आणि चूक झाली म्हणून सांगितलें. तो खालीं मान घालून म्हणाला, "गुरुजी, पण तें वर्गांत झालें होतें."

त्या वाक्यावर आम्ही तीन दिवस झोपलों नाहीं असें म्हटल्यास अतिशयोक्ति होईल. परंतु तीन दिवस आम्हीं तें टाळलें हें खरें आहे. वर्गावर जावें, हजेरी घ्यावी, त्याच्या नांवापाशीं आवाज किंचित् मऊ करावा, आणि धडा सुरू करावा. शिस्त बिघडेल, मुलें डोक्यावर बसतील, अशीं पुष्कळ कारणें आम्हांस सुचलीं, आणि प्रत्येक कारण शाळेच्या हिताचें होतें. त्याच आठवड्यांत रविवारच्या शाळेंत आम्हीं फिलिप्पैकरांच्या पत्राचा दुसरा अध्याय शिकविला: ख्रिस्तानें आपणांस रिक्त केलें, दासाचें रूप घेतलें. धडा चांगला वठला असें एका पालकांनीं सांगितलेंही. सोमवारीं आम्हीं वर्गांत उभे राहून त्या मुलाचें नांव घेऊन क्षमा मागितली. वर्ग शांत होता. कोणी डोक्यावर बसलें नाहीं. तो मुलगा मात्र त्यानंतरही आमच्याशीं फारसें बोलला नाहीं. आणि बोलावें अशी अपेक्षा करण्याचा आम्हांस हक्क नव्हता.

पालकांनीं रागावूं नये, परंतु त्यांसही एक विचारावेंसें वाटतें. आपल्या मुलाला आपण पुष्कळदां 'बाबांची क्षमा माग' म्हणून पुढें ढकलतां. बाबांनीं मुलाची क्षमा मागितलेली त्यानें कधीं पाहिली आहे काय? जी गोष्ट घरांत फक्त लहानांनींच करावयाची असते ती मोठें झाल्यावर सोडून द्यावयाची असते, असें मुलें सहजच समजतात. आणि मग नम्रता ही बाळपणाबरोबर जाणारी वस्तु होते, वाढीबरोबर येणारी राहत नाहीं.

आतां रमाबाईंच्या बुद्धीचें काय झालें तें सांगावयाचें राहिलें. आयुष्याचीं शेवटचीं पंधराहून अधिक वर्षें त्यांनीं पवित्र शास्त्राच्या भाषांतरांत घालविलीं. मूळ हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून त्यांनीं संपूर्ण बायबल मराठींत आणलें. संस्कृतावर ज्यांची सत्ता होती त्यांनीं भारदस्त, समासप्रचुर मराठी लिहिली असती तर विद्वानांनीं माना डोलाविल्या असत्या. त्यांनीं मुद्दाम साधी भाषा धरली. नुकतीच अक्षरओळख झालेल्या खेड्यांतील बाईला कळेल अशी. हिब्रू शब्दाचा नेमका अर्थ शोधण्यास लागणारी सारी विद्वत्ता त्यांनीं वापरली, आणि ती पानावर दिसूं दिली नाहीं. भाषा शिकणाऱ्या आमच्या वरच्या वर्गांतील मुलांस ही गोष्ट किती अवघड आहे तें निबंध लिहितांना कळतच असेल. छापखानाही मुक्तीचाच होता. खिळे जुळविण्याचें व छापण्याचें काम तेथील मुलीबायकांनीं केलें. म्हणजे ज्यांच्यासाठीं पुस्तक, त्यांच्याच हातून तें उतरत होतें.

१९२१ सालीं मनोरमाबाई वारल्या. आई थकलेल्या होत्या, कानांनीं कमी ऐकूं येत असे, आणि एकुलती कन्या गेलेली. तरी भाषांतराचे कागद पुढें सरकत राहिले. काम पुरें होईपर्यंत आयुष्य मिळावें अशी त्या प्रार्थना करीत, असें त्यांचे चरित्रकार सांगतात. शेवटचीं मुद्रितें त्यांच्या हातून तपासून झालीं, आणि ५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांनीं देह ठेविला. ग्रंथ १९२४ सालीं बाहेर पडला. मुक्ति मिशन केडगांवास आजही चालू आहे, आणि सहलीसाठीं तें फार दूर नाहीं.

त्या भाषांतराची एक जीर्ण प्रत आमच्या ग्रंथालयांत खिडकीजवळच्या कपाटांत आहे. पानें ठिसूळ झालीं आहेत, म्हणून ती घरीं नेतां येत नाहीं. परंतु ग्रंथपालबाईंना विचारल्यास तेथें बसून पाहावयास मिळते. आमच्या त्या विद्यार्थ्यानें ती अजून मागितली नसल्यास मागावी, आणि योहानाचा तेरावा अध्याय तींतून वाचावा. हात मात्र कोरडे असूं द्यावे.